रंगाखालची नळी

ती जुनी लाल गाडी उसात शिरली, त्या दिवसाची आठवण आमच्या घरात अजून निघते. माझे पती पोलीस खात्यात होते, फौजदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतल्या पुष्कळ केसेस ते लोकांना सांगतात. ही सांगताना मात्र एका जागी थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मी मान हलवून नको म्हणते. मग तेवढा भाग गाळून ते पुढे जातात. तो भाग धरून आज मी सगळं वहीत लिहून ठेवते आहे. नाव कुणाचं लिहीत नाही. ती माणसं आज सुखात आहेत.

तेव्हा ह्यांची बदली घनसावंगी तालुक्यात होती. ठाण्याच्या मागेच आमचं क्वार्टर. एका सकाळी हजेरी सुरू असतानाच फोन आला की उतारावर एक गाडी रस्ता सोडून उसात गेली. गाडीत नवरा-बायको होते, दोघंही साठीच्या आसपासचे. चांगली बागायती असलेलं घर. त्या शेतकऱ्याला सगळं गाव अण्णा म्हणायचं. एका साखरपुड्याला दोघं निघाले होते. नाल्याच्या पुलाआधी उतार आहे, तिथे ब्रेकवर पाय दिला तर पेडल पार बुडाला गेलं. समोर पुलावर बैलगाडी होती. अण्णांनी गाडी डावीकडे काढली. दाट उसानं ती झेलली म्हणून जीव वाचले. अण्णांच्या कपाळाला खोक पडली. बायकोचं मात्र मांडीचं हाड मोडलं. तिला जालन्याला हलवावं लागलं.

हवालदारानं दोन पंच घेऊन पंचनामा केला. मागच्या चाकाकडे जाणारी, ब्रेकचं ऑईल नेणारी लोखंडी नळी तुटलेली आहे, असं त्यात लिहिलं. गाडी ओढून ठाण्याच्या आवारात लिंबाखाली लावली. एवढ्यावर ती अपघाताची साधी नोंद राहिली असती.

पण संध्याकाळी अण्णांच्या शेजाऱ्यानं ठाण्यात फोन केला. "साहेब, माझं नाव कुठं घेऊ नका. चार दिवसांमागं अण्णा बाजारला गेल्ते, तवा त्येंचा जावई गोठ्यात आल्ता. गाडीखाली झोपून कायतरी करून राह्यला व्हता. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं."

हा जावई म्हणजे अण्णांच्या काळजातली सल. एकुलत्या एका लेकीनं तीन वर्षांपूर्वी मनानं लग्न केलं होतं. मुलगा जालन्यात एमआयडीसीकडे एका गॅरेजात मेकॅनिक. अण्णांनी लेकीचं नाव टाकलं. घरात तिचा विषय काढायचा नाही, फोन करायचा नाही, असं बायकोलाही बजावलं होतं. शेजाऱ्याचं बोलणं कानावर आलं तशी डोक्याला पट्टी बांधलेले अण्णा ठाण्यात आले आणि फिर्याद दिली. जावयानं जमिनीसाठी ब्रेक कापला, आम्हा दोघांना मारायचा डाव होता, असं त्यांचं म्हणणं. गुन्हा दाखल झाला. गावात तर 'नळी तुटली' हा शब्दच कुणी वापरेना. 'कापली' असंच सगळे म्हणू लागले.

ह्यांनी जावयाला निरोप पाठवला, उद्या दहाला हजर व्हा. तो साडेनऊलाच येऊन बाकावर बसला. हे नंतर म्हणाले, "पळणारा माणूस वेळेआधी येत नसतो. तिथंच मला पहिली शंका आली."

तिशीचा, सडपातळ माणूस. नखांत काळं ऑईल बसलेलं. ह्यांनी आधी चहा पाजला, मग विचारलं.

"गाडीखाली गेल्ता का?"

"गेल्तो, साहेब."

"ब्रेकला हात लावला?"

"लावला."

"कशाला?"

तो गप्प.

"कुणी बोलावलं होतं?"

त्यानं रिकामी कपबशी बाजूला सरकवली.

"अरे, खून करायचा प्रयत्न केला असा गुन्हा आहे तुझ्यावर. आयुष्य जाईल. काय झालं ते बराबर सांग."

"म्या नळी कापली न्हाई साहेब. याच्या पुढं काही विचारू नका."

हवालदार म्हणाला, "दोन द्या, मंग बोलंल." ह्यांनी त्याला बाहेर पाठवलं. खोटं बोलणाऱ्याकडे प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर असतं, असं हे म्हणत. जो अर्धं कबूल करतो आणि अर्ध्यावर ओठ मिटतो, तो बहुतेक वेळा कुणाला तरी पाठीशी घालत असतो. पण अशी शंका डायरीत लिहिता येत नाही. वरून साहेबांचा फोन आला, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. गाडी तपासायला मोटार वाहन निरीक्षक दुपारी तीनला येणार होते. तेवढाच वेळ हातात होता.

आता तो गाळलेला भाग.

बाराच्या सुमाराला मी मागच्या दारी टँकरचं पाणी भरत होते. पायरीशी एक पोरगी येऊन उभी राहिली. हातात डबा, चेहरा उन्हानं लाल. अण्णांचीच लेक होती ती. ठाण्यात जायला तिचे पाय उचलत नव्हते, म्हणून वळसा घालून इकडे आली होती.

"काकू, एवढा डबा आत देता का? त्येंनी कालपासून काही खाल्लं न्हाई."

मी म्हटलं, "मी ठाण्यात जात नाही गं. पण तू बस. पाणी पी."

ती बसली. मला बोलता येत नाही चटकन, म्हणून मी नुसती तिच्याजवळ बसून राहिले. पाणी पिऊन झाल्यावर तीच बोलायला लागली.

अण्णांना कळू न देता आई तिला फोन करायची. अण्णा मळ्यात गेले की दोन मिनिटं, तेवढंच. मागच्या आठवड्यात आई म्हणाली, गाडी थांबताना करकर वाजते, अण्णा ऐकत नाहीत, आणि साखरपुड्याला तर जायचंच आहे. जावईबापूंना म्हणावं एकदा बघून जा. म्हणून अण्णांच्या बाजाराच्या दिवशी तो मोटारसायकलवर सामान घेऊन आला. पुढच्या ब्रेकची, चाकाला घासून थांबवणारी झिजलेली लायनिंग काढली, नवी बसवली. सासूनं त्याच्यासाठी भाकरी केली. अण्णांना विचारल्याशिवाय घरात घेण्याचा तिला धीर झाला नाही. ताट गोठ्यातच आणून दिलं.

"तीन वर्षांत पह्यल्यांदा आईच्या हातचं जेवले ते," ती म्हणाली. "घरी आले तर मला म्हणले, तुझी आई भाकरी वाढताना रडून राह्यली व्हती. मला तर घासच गिळंना."

"मग हे सगळं ते साहेबांना का सांगत नाहीत?"

"आईनं शपथ घातली ना, काकू. अण्णांना कळलं तर आईचा फोन बंद. माझं माह्यारच बंद." तिनं पदरानं डोळे पुसले. "पण नळ्यांचं काय झालं तेच कळंना. त्येंनी खालून समदं बघितलं व्हतं. नळ्या नव्यावानी काळ्याभोर चमकत व्हत्या म्हणले. अण्णा दर दसऱ्याला पूजेच्या आधी गाडीला पोटाखालून काळा रंग देतेत. लई जीव हाय त्येंचा त्या गाडीवर. लेकीपेक्षा जास्त."

हे शेवटचं बोलताना ती थोडी हसली आणि लगेच रडली.

माझी नजर समोरच्या टिपाडाकडे गेली. पाणी साठवायचं आमचं लोखंडी टिपाड. दर दिवाळीला मी त्याला रंग द्यायचे. बाहेरून कसं नवं दिसायचं. मागच्या उन्हाळ्यात ते हलवायला बुडाला हात घातला आणि माझं बोट रंगातून आरपार आत गेलं. पत्रा कधीच खाऊन गेला होता. वर नुसता रंग उभा होता. तेव्हापासून मी खाली विटा लावून त्यात फक्त लाकडं ठेवत होते.

हे जेवायला आले. ठाण्याची गोष्ट घरात काढायची नाही, हा आमच्याकडचा नियम. मी तो कधी मोडला नव्हता. त्या दिवशी भाकरी वाढता वाढता म्हटलं, "एक विचारू?"

"विचार की."

"त्या नळीचा रंग खरवडून बघितला का?"

ह्यांचा घास हातातच राहिला. मी टिपाडाचं सांगितलं, मग पोरीचंही सांगितलं. शपथेचं सांगू की नको असं झालं. पण म्हटलं, शपथ त्या माणसाला घातली आहे, मला नाही. ह्यांनी घास ताटात ठेवला. अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुतले, आणि मोरीजवळची लोखंडी घासणी तेवढी खिशात घालून गेले.

पुढचं मला ह्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं.

तीनला निरीक्षक आले. पंच बोलावले. अण्णांनाही बोलावलं, कारण फिर्यादीच्या समोर झालेलं बरं. जावयाला बाजूला उभं केलं. गाडी जॅकवर उचलली. तुटलेल्या जागेवरचा रंग ह्यांनी घासणीनं काढायला लावला. रंगाखाली तपकिरी खपल्या निघाल्या. जिथे नळी पट्टीनं गाडीच्या बुडाला धरली होती, तिथे वाळलेला चिखल आणि खताचे पांढरे खडे गच्च बसले होते. अण्णा रासायनिक खताची पोती ह्याच गाडीतून आणत. गाडी उभी असायची गोठ्यात, गुरांच्या ओलीवर. वर्षानुवर्षं त्या पट्टीखाली ओल धरली होती आणि दर दसऱ्याला तिच्यावर रंगाचा नवा हात बसत होता.

निरीक्षक म्हणाले, "कापलेली नळी अशी दिसत नाही. कापली असती तर काठ जाड राहिला असता. ही आतून-बाहेरून पापडासारखी झाली आहे."

अण्णा म्हणाले, "कापल्यावर गंजली आसंल."

"चार दिवसांत?" हे म्हणाले. "बरं, ती राहू द्या. ह्या दुसऱ्या बाजूच्या नळीला तर कुणी हात लावलेला नाही ना?"

"न्हाई. ती शाबूत हाय."

निरीक्षकांनी दुसऱ्या बाजूची पट्टी सोडवली. चमकणाऱ्या काळ्या नळीवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं. टोक आत गेलं.

निरीक्षकांनी मग पुढची चाकं काढली. "लायनिंग मात्र कोरी आहे," ते म्हणाले. "नीट बसवली आहे. मागचा ब्रेक गेल्यावर जो काही थोडा वेग कमी झाला तो हिच्यामुळे. ही नसती तर ऊस लागायच्या आधी तुम्ही त्या बैलगाडीवर गेला असता. कुणी बसवली?"

अण्णांनी जावयाकडे पाहिलं. तो मातीकडे बघत होता. तो एवढंच म्हणाला, "माझी पण चूक हाय साहेब. रंग बघितला. रंगाखाली बघाय पाह्यजे व्हतं."

अण्णा गाडीच्या बॉनेटला हात टेकून उभे राहिले. मग त्यांनी ह्यांना विचारलं, "गोठ्याला तर कुलूप असतंय. हा आत कसा आला?"

"ते तुम्ही घरी विचारा," हे म्हणाले. "मला विचारायची गरज राहिली नाही."

अण्णांना कळायचं ते कळलं असावं. कुलपाची दुसरी किल्ली बायकोच्याच कमरेला असायची. ते रागावतील असं ह्यांना वाटलं होतं. ते खाली बसले, लिंबाच्या मुळावर. तीन वर्षं ज्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं त्याच्याशी एकदम कसं बोलणार? ते ह्यांच्याकडे बघून म्हणाले,

"साहेब, त्याला विचारा, जेवला का."

जावई तीन हातांवर उभा होता. तोही ह्यांच्याकडेच बघून म्हणाला, "सांगा साहेब, न्हाई जेवलो."

"त्याला म्हणावं, सासू दवाखान्यात एकटी हाय. माझी गाडी तर ही अशी जॅकवर हाय."

"सांगा साहेब, माझ्याकडं मोटारसायकल हाय."

"मोटारसायकलवर तिघं बसत न्हाईत म्हणावं. लेकीला पण न्यायचंय."

तेव्हा ह्यांना हसू आवरेना. म्हणाले, "अण्णा, मी फौजदार आहे का टेलिफोन? ती बघा तुमची लेक, माझ्या क्वार्टरच्या पायरीवर डबा घेऊन बसली आहे. यष्टी साडेपाचला आहे. तिघंही जा."

पोरगी गेली तेव्हा मी दारातच उभी होते. अण्णा तिच्याशी काही बोलले नाहीत. तिच्या हातातला डबा मात्र त्यांनी स्वतः घेतला आणि पुढे चालू लागले.

केसचा कागद पुढे रीतीप्रमाणे झाला. गैरसमजातून फिर्याद, घातपात नाही, असा अहवाल कोर्टात गेला आणि मंजूर झाला. अटक न दाखवल्याबद्दल ह्यांना वरून बोलणी बसली होती, ती कुणी परत घेतली नाही. अण्णांनीही कधी कुणाची माफी मागितल्याचं ऐकलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे बंदोबस्ताच्या कामानं त्या गावावरून येत होते. अण्णांच्या दारात ती लाल गाडी विटांवर उचललेली होती. खालून जावयाचे दोन पाय बाहेर आलेले. अण्णा उकिडवे बसून बॅटरीचा उजेड धरत होते आणि ओरडत होते, "अजून खरवड! माझ्या रंगाची दया करू नको!" नव्या नळ्या शेजारी पोत्यावर ठेवलेल्या. काठी टेकत सासू दारात आली आणि म्हणाली, "आता उठा दोघं बी. पानं घरात वाढलेत."

हे सांगून झालं की ऐकणारे विचारतात, साहेब, या केसनं काय शिकवलं? हे म्हणतात, "तुटलेलं दिसलं की कुणी कापलं हे आधी शोधू नये. आतून काय झिजलं ते बघावं." आणि मग ते माझ्याकडे बघतात.

त्या दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा झाली. ह्यांनी ठाण्याची जीपही आधी खालून खरवडून घेतली, तेव्हा ड्रायव्हर कुरकुरला होता. घरी आले तसे मागच्या दारी गेले, माझ्या त्या फुटक्या टिपाडाला हळद-कुंकू लावलं आणि वर झेंडूचं एक फूल ठेवलं. मी म्हटलं, अहो, हे काय? ते म्हणाले, "तपासात मदत केली त्यानं. आणि त्याच्या मालकिणीनं." मी आत गेले आणि चहा टाकला.