मिटलेल्या डोळ्यांची वेळ

पाळकसाहेब "प्रार्थना करू या" म्हणाले की आमच्या चर्चमध्ये सगळे डोळे मिटतात. माझे मात्र लहानपणापासून किलकिले राहतात. परवाच्या रविवारी त्यातूनच दिसलं.

पुढच्या बाकावर मार्थाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ रूथ बसल्या होत्या. वर्षभर दोघींत बोलणं नाही, म्हणून मध्ये एका माणसाची जागा सोडलेली. रूथ नुकती आजारातून उठलेली. प्रार्थना चालू असतानाच तिला खोकल्याची उबळ आली. मार्थाबाई हळूच सरकल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रूथने डोळे उघडले नाहीत. "आमेन" ऐकू येताच मार्थाबाई मुकाट्याने आपल्या जागेवर गेल्या.

साखरेच्या डब्यात हात घातला की आई म्हणायची, "देव बघतोय हं!" तेव्हापासून मला देव म्हणजे चुका पकडायला बसलेला वाटायचा. माणूस पाप लपवतो, हे ठाऊक होतं. तो मायासुद्धा लपवतो, आणि तीही देवाला दिसत असणार, हे कधी मनातच आलं नव्हतं.

बाहेर पडताना मार्थाबाईंनी मला गाठलं.

"काय गं, प्रार्थनेत डोळे उघडे होते ना तुझे?"

"छे हो मावशी, घट्ट मिटले होते."

त्यांचा चेहरा सैल झाला. चर्चच्या दारात उभी राहून मी धडधडीत खोटं बोलले होते. देवाने तेही पाहिलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच, तो बघतोय याची मला भीती वाटली नाही.