फुग्यातून निघालेली गाडी

माझा मामा माझ्या वर्गात येऊन बसला, तो उन्हामुळे. कामठीला त्याचं ई-रिक्षांच्या बॉड्या बनवायचं काम आहे. त्या दिवशी तो फायबरचं सामान न्यायला नागपूरला आला होता आणि परत जाताना मला सोबत नेणार होता. मामीनं मांडे केले होते. मी एका खाजगी कॉलेजात डिझाइनचा इतिहास शिकवते. माझा तास संपायला वेळ होता, बाहेर मे महिना होता, आणि आमच्या शिपायानं दया येऊन मामाला थेट वर्गात आणून शेवटच्या बाकावर, कूलरच्या तोंडासमोर बसवलं.

मी एका जपानी गाडीबद्दल सांगत होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या एका मोठ्या कंपनीनं ठरवलं की अमेरिकेतल्या पैसेवाल्यांसाठी दोन दारांची एक ऐटबाज, वेगवान गाडी काढायची. अशा गाडीला कूपे म्हणतात. तोवर जपानी गाडी म्हणजे टिकाऊ, कमी पेट्रोल पिणारी आणि दिसायला खोक्यासारखी, असा लोकांचा समज होता. आकार ठरवायचं काम कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या स्टुडिओकडे गेलं. तिथली माणसं कागदाला वैतागली होती. कागदावर गाडीची बाजू काढली की ती छान दिसते, समोरचा भागही छान दिसतो, पण दोन्ही एकमेकांना भेटले की कोपऱ्यात भांडण. म्हणून त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि फुग्यांत ओलं प्लास्टर भरलं. ते भरलेले फुगे दाबले, पिळले, सुकल्यावर रबर सोलून काढलं आणि उरलेल्या गोळ्यांवर दिवे टाकून फोटो काढले. गाडीचं अंग त्या गोळ्यांतून सापडलं. मग मातीचा मोठा नमुना झाला, आणि शेवटी इंजिनिअर लोकांना सांगण्यात आलं की आता यात इंजिन बसवा.

हे मी दरवर्षी सांगते. दरवर्षी मुलं वहीत ‘फुगे’ असं लिहून घेतात. त्या दिवशी शेवटच्या बाकावरून हात वर आला.

“मॅडम,” मामा म्हणाला. मुलांसमोर तो मला मॅडम म्हणाला, याचं मला अजून कौतुक वाटतं. “फुगा आधी फुगवाचा, का प्लास्टरनंच फुगवाचा?”

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. मुलं हसली, मामा हसला नाही. तो विचार करत होता.

कामठी रोडवर त्याच्या गाडीत बसल्यावर त्यानं विचार बोलून दाखवला. मोटार, बॅटरी आणि सांगाडा त्याच्याकडे तयार येतो. वरचं छप्पर, सीटा, मडगार्ड, समोरचा चेहरा हे त्याचं. आणि नागपुरातल्या सगळ्या ई-रिक्षांचा चेहरा एकच आहे, ही गोष्ट त्याला बरीच वर्षं खात होती. लोक स्वतःची रिक्षा सोडून दुसऱ्याच्या रिक्षात जाऊन बसतात, किल्लीही लागते कधीकधी. जपानवाल्यांचंही हेच दुखणं होतं, असं त्याचं म्हणणं पडलं. खोक्याला कंटाळलेला माणूस फुग्याकडे जातो.

मी म्हटलं, “मामा, ती गाडी फार महागाची होती. तुझ्या रिक्षात चौकातून चौकात जाणारे लोक बसतात.”

“मग त्याईनं काहून खोक्यात बसावं?” मामा म्हणाला.

पुढच्या रविवारी मला बोलावणं आलं, तज्ज्ञ म्हणून. मामाचं कामाचं ठिकाण म्हणजे घराला लागूनच असलेली जुनी हातमागाची शेड आणि तिच्यापुढचं अंगण. अंगणात प्लास्टर ऑफ पॅरिसची पोती, घमेलं, पाण्याचा ड्रम आणि फुगे होते. फुगे मामीनं आणले होते, वाढदिवसाचे, त्यामुळे प्रत्येकावर शुभेच्छा छापलेल्या होत्या. मामी ही मामापेक्षा शांत बाई. लग्नापासून तिनं त्याला कशाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि हो म्हटलेलंही ऐकलं नाही. ती नुसती कामाला लागते.

प्लास्टर फुग्यात भरायला मामानं तेलाचं नरसाळं घेतलं होतं. पहिला फुगा भरताना नरसाळ्याच्या नळीतच प्लास्टर घट्ट झालं आणि नरसाळं कायमचं बंद झालं. दुसरं आणलं. मग त्याला कळलं की मिश्रण ताकासारखं पातळ ठेवायचं आणि फुग्याचं तोंड नळीवर ताणून धरायचं. प्लास्टर सुकताना गरम होतं, हे त्याला माहीत होतं. पण मे महिन्यात कामठीला त्या उष्णतेत आणखी उष्णता मिसळल्यावर काय होईल, हा विचार कुणी केला नव्हता. फुगे फुटायला लागले. एक मामाच्या हातात फुटला, एक भिंतीशी, एक शेजाऱ्यांच्या बकरीजवळ. बकरी पुढे आठवडाभर पांढरी होती आणि शेजारी तिला धुवायचंही नाव घेत नव्हते, कारण ती छान दिसायची.

मामी मांडीवर एक फुगा घेऊन बसली होती. आकार बिघडू नये म्हणून तिनं त्याला दोन्ही हातांनी तान्ह्या लेकरासारखं धरलं होतं.

“कोमट होऊन राहिला वं हा,” ती मला हळूच म्हणाली. “ताप आल्यावानी.”

रस्त्यानं जाणारी एक ओळखीची बाई फाटकात थांबली आणि यंदा गणपतीचं काम एवढ्या लवकर घेतलं का म्हणून विचारून गेली. मामानं तिला जपानची गोष्ट सांगितली. तिनं सगळी ऐकली आणि मूर्ती मात्र शाडूच्याच चांगल्या, असं सांगून निघून गेली.

संध्याकाळपर्यंत जे गोळे वाचले ते आम्ही सोलले आणि कुंपणाच्या भिंतीवर मांडले. काही कोहळ्यासारखे होते. एकावर प्लास्टिकच्या खुर्चीची जाळी उमटली होती. एक नुसताच अंड्यासारखा होता आणि त्याकडे बघून काहीच वाटत नव्हतं. अर्धवट फुटलेला एक होता, त्यात मामाला पळती म्हैस दिसली आणि मला काही केल्या दिसेना. मामानं ट्यूबलाइट वायरीसकट उचलून आणली आणि वर्गात ऐकल्याप्रमाणे एकेका गोळ्यावरून फिरवायला लागला. मी मोबाइलवर फोटो काढत होते. इतकी वर्षं मी हे शिकवत आले होते, पण प्रकाशाची रेघ एखाद्या गोळ्याच्या पाठीवरून न अडखळता घरंगळत जाते म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते सुंदर होतं. हे सांगितलं की लोक हसतात, पण ते सुंदर होतं.

एका गोळ्यावर मात्र आम्ही सगळेच थांबलो. तो लांबट होता, मधे हलकासा बसलेला, दोन्ही टोकांना भरदार. प्रकाश त्यावरून असा जायचा जसा तळ्यावरून वारा जातो. मामानं विचारलं, हा कोणी दाबला? मी नव्हता दाबला, त्यानं नव्हता दाबला. मामी आत भाकरी टाकायला गेली होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली की दुपारी पोत्यावर टेकले तेव्हा खाली काहीतरी होतं खरं.

अशा रीतीनं आकार ठरला. मामा आल्या-गेल्याला सांगू लागला की डिझाइन हिचं आहे, ही त्यावर बसली होती. मामी काही दिवस बाहेरच्या माणसांसमोर आली नाही.

आकार मोठा करून फायबरमध्ये काढायला मामानं एक ओळखीचा कारागीर धरला. हा माणूस बागेतल्या कचरापेट्या बनवायचा, सशाच्या आणि पेंग्विनच्या, तोंड उघडं ठेवून उभ्या असतात त्या. त्यानं गोळा हातात फिरवून पाहिला आणि त्याला एकच अडचण दिसली.

“याचं तोंड कुठं ठेवाचं?” त्यानं विचारलं.

मामाला हा प्रश्न कचरापेटीवाल्याचा वाटला. त्यानं सांगितलं की जपानी गाडीलाही पुढे जवळपास जाळी नव्हती, अंग कसं सलग होतं, मॅडमला विचार. मी सांगितलं की दिवे मात्र होते आणि त्यावरून समोरची बाजू कळत असे. मामा म्हणाला, दिवे लावू. त्यानं लावले. पण सलगपणा बिघडू नये म्हणून बारीक लावले, आणि मागचेही तसेच बारीक लावले. वर मोत्यासारखा पांढरा रंग दिला.

रिक्षा तयार झाली तेव्हा मी पाहायला गेले. शेडच्या दारात ती उभी होती, आणि खोटं कशाला बोलू, तशी वस्तू कामठीत काय, मी कुठंच पाहिली नव्हती. मामानं मला चक्कर मारून आणायचं ठरवलं. मी मोठ्या मानानं दार उघडून आत बसले, तेव्हा माझ्यासमोर हँडल होतं.

“तिकडून नाही, इकडून,” मामा म्हणाला. “होते सवय.”

सवय कुणाला झाली नाही. शेडपुढच्या रस्त्यावर मामा ती जरा फिरवून बघायचा, तेव्हा लोक हात दाखवून थांबवायचे आणि मग भलत्याच टोकाशी जाऊन उभे राहायचे. समोरून येणारा सायकलवाला एकदा तिला जाणारी समजून मागे मागे येऊ लागला आणि नाकाला नाक भिडलं. तो रागावलाही नाही. तो उतरला, गाडीभोवती फिरला आणि मामालाच विचारू लागला की तुम्ही नक्की कुठं चालले.

मग ती आरटीओकडून पास करून घ्यायची वेळ आली. मामानं मला सोबत नेलं. तपासणारे साहेब वयानं मोठे, सावकाश बोलणारे होते. त्यांनी ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवला, बॅटरी पाहिली, त्यात काही खोट निघाली नाही. मग ते मागं सरकले आणि गाडीकडे बघत राहिले. एक फेरी मारली. आणखी एक मारली. मामानं त्यांना फुग्यांपासून सगळी हकीकत सांगितली आणि माझ्याकडे हात केला. मैदानात, रांगेत उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मधे, मी साहेबांना त्या कूपेचा इतिहास सांगितला. त्यांनी मन लावून ऐकला. जपानी इंजिनिअरांनी तक्रार केली नाही का, असंही विचारलं. मी म्हटलं, केली असणारच, पण त्यांनी आकाराप्रमाणे आतलं सगळं बसवून दिलं. साहेबांनी मान हलवली. त्यांना ते इंजिनिअर आवडले असावेत.

“हे पाहा,” ते मामाला म्हणाले, “गाडी चांगली आहे. मले काही तक्रार नाही. फक्त ती येऊन राहिली का जाऊन राहिली, हे पाहणाऱ्याले समजलं पाहिजे.”

मामानं तिथल्या तिथं सुचवलं की एका बाजूला ‘पुढे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मागे’ असं लिहून देतो. साहेबांनी यावर खरोखर विचार केला. पण वाचता न येणाऱ्याचं काय, असं म्हणून त्यांनी नकार दिला. परत जाताना त्यांनी गाडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, किंवा पोटावरून असेल.

मामा गाडी घेऊन घरी आला. मोठे दिवे, लाल पट्टे, एक खोटी जाळी एवढं चिकटवलं असतं तर काम झालं असतं. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, मग ते खोकंच होईल. शेडमध्ये तो पुन्हा नेहमीच्या बॉड्या बनवू लागला आणि पांढरी रिक्षा एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली. मामी मधूनमधून ताडपत्री उचलून फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसायची. मामाच्या ते लक्षात आलं होतं.

थंडीत पारशिवनीकडचा एक शेतकरी शेडवर आला. पेंचच्या जंगलात जाणाऱ्या पर्यटकांसाठी त्यानं शेतावर हुरडा पार्टीचं ठिकाण काढलं होतं, आणि फाटकापासून जेवणाच्या मांडवापर्यंत म्हाताऱ्या माणसांना नेणारं काहीतरी त्याला हवं होतं. ताडपत्रीखालचा आकार बघून त्यानं विचारलं, हे काय आहे? मामानं कितीतरी महिन्यांनी पुन्हा सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. शेतकऱ्याची पायवाट एकच होती, एकीकडे फाटक आणि एकीकडे मांडव. तिथं पुढे-मागे विचारणारं कुणी नव्हतं. मामानं सीटा पाठीला पाठ लावून बसवून दिल्या आणि गाडी ट्रॉलीत चढवून रवाना केली.

महिन्याभरानं त्या शेतकऱ्यानं आम्हाला जेवायला बोलावलं. मामानं इस्त्रीचा शर्ट घातला. मामी, मी आणि तो असे आम्ही फाटकाशी उतरलो, आणि मांडवाकडून गाडी आली. तिला पिवळा रंग दिला होता आणि वर काळे पट्टे. शेतकऱ्यानं कौतुकानं सांगितलं की पेंच म्हटलं की पाहुण्यांना वाघ लागतो.

गाडीत तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या, एकमेकींना धरून, हसत. त्या उतरल्या आणि लगेच परत चढून बसल्या, कारण त्यांना पुन्हा जायचं होतं. मामा गाडीजवळ गेला, खाली बसला आणि पट्टे निरखू लागला. मला वाटलं आता हा रडतो की काय. मामीही पदर तोंडाशी धरून उभी होती.

“वाघाचे पट्टे असे आडवे जात नाहीत गा,” तो शेतकऱ्याला म्हणाला. “पोटाकडे उतरत जातात, बारीक होत. काळा रंग उरला का?”

रंग होता. गाडी मांडवापाशी नेऊन म्हाताऱ्यांना खाली उतरवण्यात आलं. मामानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि वांग्याचं भरीत निवेपर्यंत तो ब्रश घेऊन बसला. मी शेजारी डबा धरून उभी होते. फायबरच्या वळणावरून ब्रश उतरताना तो मधेच थांबायचा, डोकं तिरपं करून उजेड कुठून येतो ते बघायचा आणि मग पुढं जायचा.

मामीनं आतून हाक मारली, भाकरी गार होऊन राहिली म्हणून. मामा हो म्हणाला, पण उठला नाही. गाडीची अजून एक बाजू बाकी होती.