डावीकडे ओढणारी गाडी

आमच्या मजल्यावरच्या मास्तरांचा कशावरही पटकन विश्वास बसत नसे. आधी त्या वस्तूची शेजारच्या वस्तूशी अदलाबदल करायची, मगच बोलायचं. जिन्यातला दिवा गेला की ते स्वतःच्या घरातला बल्ब काढून तिथे लावत आणि तिथला घरात नेत. एकदा त्यांचा रेडिओ बंद पडला, तेव्हा ते आमच्या रेडिओचे सेल काढून घेऊन गेले आणि त्यांचे आम्हाला दिले. त्यांचा रेडिओ गाऊ लागला, आमचा मुका झाला. "गुन्हेगार सापडला!" म्हणून मास्तर खूश. आमचे सेल परत द्यायचं मात्र त्यांच्याकडून राहूनच गेलं.

शाळेचं तोंड त्यांनी विद्यार्थी म्हणून पाहिलं तेवढंच. मास्तर होते ते गिरणीत, विणकाम खात्यात. "मागावर सूत तुटतंय ना? शेजारच्या मागाचा धोटा इकडे घाल, इकडचा तिकडे. सूत तिकडे तुटायला लागलं तर धोटा चोर. इथेच तुटत राहिलं तर माग चोर. उगाच डोकं खाजवत बसायचं नाही." संपानंतर गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही, पण ही शिकवण त्यांनी मुलुंडच्या आमच्या इमारतीत चालू ठेवली. मला ते 'बाय' म्हणत, मी त्यांना मास्तरकाका म्हणे. घरात ते आणि त्यांच्या पत्नी माई, दोघंच. त्यामुळे मी त्यांच्याकडे निम्मी राहायलाच असे.

अनेक वर्षं नाव नोंदवून वाट पाहिल्यावर त्यांची गाडी आली. पांढरीशुभ्र, छोटीशी. जास्वंदीचा हार घातलेली, सीटवरचं प्लास्टिक न काढलेली. ते प्लास्टिक शेवटपर्यंत निघालं नाही. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते आणि पहिल्याच पगारात ड्रायव्हिंग स्कूल गाठून लायसन्स काढलं होतं. लायसन्स आहे, गाडी नाही, आणि समोरच्या दारी गाडी उभी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं तर नवल काय?

"मास्तरकाका, एकदा द्या ना. नुसती कोपऱ्यापर्यंत."

"बाय, तू शेजारी बस. स्टिअरिंगला हात लावायचा नाही. नवीन घोडी आहे, एकाच हाताला सरावली पाहिजे."

हा नियम माझ्यापुरता नव्हता. त्यांचा सख्खा भाचा रागावून गेला. गॅरेजवाल्यालासुद्धा ते स्वतःच्या शेजारी बसवत आणि गाडी स्वतःच चालवून दाखवत. मी मनात त्यांना चिक्कू म्हणत असे, आणि तोंडावरही म्हणून झालं होतं.

थोड्याच महिन्यांत गाडी डावीकडे ओढायला लागली. आधी अगदी किंचित. मग फुटपाथला चाक घासलं. मग डाव्या दारावर ओरखडा आला. मास्तरांचा चेहरा असा झाला की जणू पोरीला कुणी चापट मारली. पण तक्रार करत बसणारे ते नव्हतेच. डावीकडची चाकं उजवीकडे गेली, उजवीकडची डावीकडे आली. गाडी डावीकडेच. हवा मोजून घेतली, अलाइनमेंट करून घेतलं. एखादा ब्रेक धरतोय का म्हणून गाडी थांबवून चारही चाकांना हात लावून बघितला. कुठलंच जास्त तापलेलं नव्हतं. "साहेब, गाडी एकदम सीधी आहे," असं गॅरेजवाला म्हणाला, तर त्यालाच त्यांनी वेड्यात काढलं.

इमारतीत निरनिराळे तर्क चालू झाले. हायवेवरून दक्षिणेला निघालं की डाव्या हाताला मिठागरं आणि त्यांच्यापलीकडे खाडी. कांजूरमार्गाच्या बाजूला तर चिटपाखरू दिसत नसे, नुसता पांढरा उजेड. तिथून कोणीतरी बोलावतं, असं तळमजल्यावरच्या काकू ठामपणे सांगत. माईंनी बंपरला लिंबू-मिरची बांधली. मास्तर खो खो हसले. "खाडी बोलावते म्हणता? मग परत येताना खाडी उजवीकडे असते. तेव्हा उजवीकडे ओढायला नको? तेव्हाही डावीकडेच! भुताला रस्ता तरी पाठ असायला हवा." आम्ही सगळे हसलो. पण नंतर घरी येऊन विचार केला तेव्हा मला बरं वाटलं नाही. कारण भूत खाडीतलं नसेल, तर ते आमच्याबरोबरच येत-जात होतं.

त्याच सुमाराला जेवणावरून त्यांच्या घरात कटकट सुरू झाली. मास्तरांच्या मते माई मीठ वाढायला विसरत होत्या. लोणचं नाही, चटणी नाही, लिंबाची फोड नाही. "अहो, हे काय वाढलंय!" माई बोट दाखवत. डावी बाजू ताटात रोज जशीच्या तशी राही. आणि मास्तर अळणी आमटी भुरकत रुसून बसत. दाढीसुद्धा ते हल्ली कशीतरी करत. डाव्या गालावर पांढरे खुंट तसेच. जिन्याच्या भिंतीचा चुना सदऱ्याच्या डाव्या खांद्याला लागलेला असे. आम्ही म्हणायचो, वय झालं, दुसरं काय.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडेच जेवत होते. "चटणी नाही" झाल्यावर माई इतक्या वैतागल्या, की त्यांनी ताटच गर्रकन अर्धं फिरवलं. मास्तर एकदम खुलले. "हां, आता कशी आणलीस चटणी!" दोन घास झाले आणि त्यांची बोटं उजव्या बाजूला काहीतरी चाचपायला लागली.

"आणि मासो खंय गेलो?"

तळलेला बांगडा ताटातच होता. डावीकडे, त्यांच्या मनगटापासून वीतभर अंतरावर. ते ताटाकडे पाहत होते आणि तो त्यांना दिसत नव्हता. माई हसल्या, थट्टाच वाटली त्यांना. माझ्या हातातला घास हातातच राहिला. अदलाबदल झाली होती आणि चोर जागचा हलला नव्हता. मास्तरांनीच शिकवलेलं गणित होतं ते, पण मला उत्तर मोठ्याने म्हणायचं धाडस झालं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनीच माझं दार वाजवलं. भांडुपला एक बंद पडलेला कारखाना होता, त्याचा वॉचमन मास्तरांच्या गावचा. आतलं सिमेंटचं अंगण कॅरमबोर्डासारखं सपाट. "रस्ता डावीकडे उतरता असतो, म्हणून गाडी जाते, असंही एक म्हणणं आहे," मास्तर म्हणाले. "आज तेही संपवू." त्यांनी जमिनीवर बादलीभर पाणी ओतलं, गाडी त्यातून पुढे नेली आणि आम्ही मागे जाऊन टायरचे ओले ठसे पाहिले. दोन्ही ठसे सरळ निघाले होते आणि मग हळूहळू, अगदी शिस्तीत, डावीकडे वळले होते. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. वॉचमन लांब जाऊन उभा राहिला. अंगणात वाऱ्याचा आवाजसुद्धा नव्हता, आणि ते वाकलेले ठसे पाहताना मला वाटलं, कोणीतरी डाव्या बाजूला उभं राहून स्टिअरिंगला हात घालतंय आणि ते फक्त आम्हालाच दिसत नाहीये.

मास्तर ठशांच्या कडेने टोकापर्यंत चालत गेले. मग गाडीतून किल्ली काढून आणली आणि माझ्या हातात दिली.

"बस, बाय."

"मी? नको, मास्तरकाका."

"इतके दिवस मागत होतीस ना?"

"आज नको."

"सगळं बदलून झालं गो," ते हळू आवाजात म्हणाले. "एकच वस्तू बदलायची राहिली. माका कळतां. म्हणान तर तुका बोलवलंय."

ज्या स्टिअरिंगसाठी मी त्यांच्याशी इतकी भांडले, ते हातात आलं. देवा, ही गाडी डावीकडे जाऊ दे, असं मी अगदी मनापासून म्हटलं. पाण्यातून पुढे गेले, उतरले, मागे पाहिलं. अंगणाच्या टोकापर्यंत दोन ठसे गेले होते, पट्टीने आखावे तसे. त्यांच्या शेजारी मास्तरांचे वाकडे ठसे उन्हात वाळत चालले होते.

"झकास," मास्तर म्हणाले. "गाडीत काही खोट नाही." आणि ते तिथेच बादली पालथी घालून तिच्यावर बसले. परत येताना गाडी मी चालवली. त्यांनी एकदाही 'सांभाळून' म्हटलं नाही.

डॉक्टरांनी मेंदूत गाठ असल्याचं सांगितलं. ती वाढत होती आणि मास्तरांच्या जगाची डावी बाजू पुसत चालली होती. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. हॉस्पिटलात मी एकदा भेटायला गेले तेव्हा रिकामं स्टूल नेमकं खाटेच्या डाव्या बाजूला होतं. मी बसले, त्यांचा डावा हात हातात घेतला. त्यांना पत्ताच नाही. "बाय आलीय बघा," माई पलीकडून म्हणाल्या, तर ते दाराकडे बघत राहिले. मग त्यांचा उजवा हात चाचपडत चाचपडत आला आणि त्याने स्वतःचंच डावं मनगट धरलं.

"हो हात कोणाचो गो? कोण ठेवन गेलो हंयसर?"

"तुमचाच आहे, मास्तरकाका."

त्यांच्या कपाळाला ती जुनी ओळखीची आठी पडली. नुसतं सांगून त्यांना कधी काय पटलंय? "अदलाबदल करून बघ," ते म्हणाले.

मी त्यांचा डावा हात हलकेच चादरीवर ठेवला आणि त्याच्या जागी माझा हात त्यांच्या मुठीत दिला. त्यांनी तो नीट दाबून पाहिला, बोटं मोजल्यासारखी केली.

"हो तुझो," ते समाधानाने म्हणाले. आणि मग एकदम घाबरून, "मगे माझो खंय गेलो?"

माई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मी तो हात पुन्हा उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, पार उजवीकडे नेला, पण ते त्याच्यापलीकडे दाराकडेच बघत उत्तराची वाट पाहत राहिले.

मास्तर गेल्यावर सगळं आटोपून माईंना मीच गाडीने घरी आणलं. कांजूरमार्ग मागे पडलं. उजव्या हाताला मिठागरं पांढरी चमकत होती. त्या पट्ट्यावर रस्ता मोकळा होता, म्हणून मी क्षणभर स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले. माईंनी ते पाहिलं.

"सरळ जाते ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो माई. अगदी सरळ."

त्या दिवशी ती गाडी थोडीशी जरी डावीकडे गेली असती ना, तर आम्ही दोघी तिच्या पाया पडलो असतो.