परत आलेला अर्ज

सौदीतल्या तबूक शहराच्या बाहेर, बटाट्याच्या शेतांपलीकडे, एका कंपनीची शीतगृहं आहेत. बाहेर अंगाची लाही होत असताना आत चार अंश असतात. नागेश वारंग तिथला फोरमन. कुडाळजवळच्या गावातून निघाला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आता अठ्ठेचाळीसचा आहे. मधली चोवीस वर्षं त्याने थंडी अडवून धरली, बाहेर जाऊ दिली नाही. त्याचं काम एवढंच आहे, असं तो सांगतो.

पण कामगारांच्या कॅम्पमधली माणसं त्याला ओळखतात ती फॉर्मसाठी. पासपोर्टचा फॉर्म भरायचा तर नागेशभाईंकडे. जेद्दाहून वकिलातीची माणसं दीड-दोन महिन्यांनी तबूकला येतात, एका हॉलमध्ये दोन दिवस टेबलं मांडून अर्ज घेतात. त्याआधीचा शुक्रवार नागेशच्या घरात गर्दीचा. तो प्रत्येक रकाना बोट ठेवून वाचतो. आईच्या नावातलं एक अक्षर जुन्या पासपोर्टशी जुळलं नाही, तर माणसाला परत पाठवतो. कानावर केस आले म्हणून त्याने लोकांना पुन्हा स्टुडिओत धाडलं आहे.

"नागेशभाई, हा पासपोर्ट आहे की मुलगी दाखवायचा कार्यक्रम?" खेडचा क्रेनवाला सिराजुद्दीन एकदा वैतागून म्हणाला होता.

"अर्ज परत आला तर पुन्हा दीड महिना थांबशील. जा, फोटो काढून ये."

"तुम्ही भरलेला अर्ज परत आला तर मी मिशी उतरवीन." असं म्हणून सिराजुद्दीन गेला, आणि फोटो काढून आला.

नागेशची मुलगी स्वप्नाली, घरातली सपू, पंधरा वर्षांची. जन्म तबूकचा. दहावी इथल्या इंडियन शाळेत झाली, आणि पुढे काय हे घरात दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. अकरावी कुडाळला. आई मंजुषा तिच्यासोबत जाणार, तिथेच राहणार. नागेश फ्लॅट सोडून पुन्हा कॅम्पातल्या खोलीत जाणार. ठरवताना सगळं सोपं होतं, कारण दोन वर्षं लांब होतं.

स्वप्नालीच्या पासपोर्टची मुदत ऑगस्टमध्ये संपत होती. नवा पासपोर्ट आला की तो इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर चढवायचा, मग बाहेर जायचा व्हिसा, मग तिकीट. कॉलेजात दहा जुलैला हजर व्हायचं होतं. मे महिन्यात वकिलातीची माणसं येणार होती. हिशेब नीट बसत होता.

फोटो काढून आणले त्या संध्याकाळी स्वप्नालीने तीन फोटो टेबलावर मांडले. दोन गंभीर. तिसऱ्यात ती हसली होती. फार नाही. वरच्या ओठाखाली दातांची एक पांढरी रेघ.

"हाच," ती म्हणाली, आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं.

नागेशने फोटो उचलला, दिव्याखाली धरला. खिडकीला उन्हासाठी लावलेला चंदेरी कागद वाऱ्याने चुरचुरत होता. ती रेघ त्याला दिसली. दुसऱ्या कुणाच्या फोटोत ती त्याला खोलीच्या दारातूनही दिसली असती.

"चालेल," तो म्हणाला, आणि फोटो अर्जावर चिकटवला.

टेबलावरच्या माणसानेही गर्दीत तो घेतला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोबाइलवर निरोप आला. फोटो नियमाप्रमाणे नाही, तोंड उघडं आहे, नवीन फोटोसह अर्जदाराने हजर व्हावं. तबूकची पुढची फेरी पंधरा जुलैला होती.

बातमी कॅम्पात पोचायला एक दिवस लागला. "आता माझ्या मिशीचं काय करू?" सिराजुद्दीनने फोनवर विचारलं. नागेश हसला नाही. सिराजुद्दीनला ते ऐकू आलं आणि त्याने विषय बदलला.

मंजुषाने निरोप वाचला. मग अर्जाची प्रत काढून तिच्यावरचा फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. ती चिडली की मालवणीवर येते.

"तुमका दिसाक नाय? तुमका?"

नागेशने तिच्या हातातली प्रत घेऊन घडी घातली.

"सोळा वर्षं झाली मला इथे," ती मग शांतपणे म्हणाली. ते शांत बोलणं जास्त लागलं. "माझी आई दर फोनला विचारते, यंदा नक्की ना. मी दर वेळी सांगते, सपूची दहावी होऊ दे. झाली दहावी. आता तुम्ही दोघं मिळून मला अडवणार? तसं असेल तर तोंडाने सांगा. फोटोने सांगू नका."

स्वप्नाली दारात उभी होती. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी नागेशने तीन दिवसांची रजा टाकली आणि जेद्दाच्या वकिलातीची वेळ घेतली. एक हजार किलोमीटर. पहाटे फजरची अजान झाली तेव्हा गाडी तबूकच्या शेवटच्या पेट्रोल पंपावर होती.

उजाडलं तेव्हा दोन्ही बाजूंना लाल खडकांचे कडे होते. सपू पाय सीटवर घेऊन बसली होती. दोनशे किलोमीटर झाल्यावर तिने विचारलं.

"बाबा, तुम्हाला दिसलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"तुला नियम माहीत होता?"

"बाबा, प्लीज. मी फर्स्ट स्टँडर्डपासून तुमचे फॉर्म बघतेय."

नागेशने समोरचा ट्रक ओलांडला. ओलांडताना बोलावं लागत नाही, ते बरं असतं.

"तिथे सगळे मला सौदीवाली म्हणतात," ती म्हणाली. "स्विच कुठे आहे ते पण मला विचारावं लागतं. इथे डोळे बंद करून पण सापडतं सगळं."

"सापडेल तिथेही."

"तुम्हाला इथे सापडलं?"

त्याने विचार केला. "तुम्ही आल्यावर सापडलं."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "कॅम्पात जेवणार काय तुम्ही?"

"डाळ-भात."

"तुम्हाला डाळ येते?"

"तुझी आई येईपर्यंत आठ वर्षं मीच शिजवत होतो."

"कशी व्हायची?"

"कुणाची तक्रार नव्हती. मी एकटाच जेवायचो."

ती हसली. मोठ्याने, सगळे दात दाखवून. नागेशने मान वळवून पाहिलं आणि लगेच पुन्हा रस्त्याकडे. उम्लुजच्या अलीकडे समुद्र दिसला, निळा, स्वतःशीच असलेला. त्याच्या कडेला माड नव्हते. नागेशला दर वेळी तिथे माड नसल्याचं नव्याने कळतं.

रात्र त्यांनी जेद्दात ओळखीच्या एका घरी काढली. सकाळी वकिलातीजवळच्या स्टुडिओत सपू पांढऱ्या पडद्यासमोर बसली. "मुँह बंद, बेटा," फोटोग्राफर म्हणाला. तिने ओठ मिटले. डोळ्यांत पाणी आलं, त्यात दिवा चमकला. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. "कोई जल्दी नहीं." तिने बाहीने डोळे पुसले आणि समोर पाहिलं.

फोटो हातात आल्यावर नागेशने नेहमीसारखं तपासलं. कान. हनुवटी. मागची सावली. ओठ. चूक नव्हती. त्याने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. त्या पांढऱ्या चौकोनातून एक मोठी बाई त्याच्याकडे पाहत होती, आणि तिला त्याच्याकडून काही नको होतं.

खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज उलटसुलट केला. "तातडीत टाकतो. पासपोर्ट इथे येऊन घेणार की कुरिअरने पाठवू?"

"लवकर कशाने?"

"कुरिअर चार दिवसांत तबूकला. येऊन घ्यायचा तर पुढच्या आठवड्याची वेळ मिळेल."

"बाबा," सपू हळूच म्हणाली. तिने त्याच्या शर्टाची बाही धरली होती. "येऊ या ना आपण घ्यायला. परत. असंच ड्राइव्ह करत."

एक आठवडा. दोन हजार किलोमीटर. समोर कारकून पेन धरून थांबला होता. मागे रांगेत कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं. दहा तारीख तरीही गाठता आली असती, कदाचित. तो 'कदाचित' नागेशने नीट पाहिला.

"कुरिअर," तो म्हणाला, आणि पत्ता सांगायला लागला. इमारतीचा नंबर, रस्ता, पोस्टाचा आकडा. सपूने बाही सोडली. त्याने न चुकता सही केली.

बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. त्याने मंजुषाला फोन लावला.

"चार दिवसांत येतोय," तो म्हणाला. "तिकिटं बघायला घे. दोघींची."

"जेवलात?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"आधी जेवून घ्या," मंजुषा म्हणाली. "आणि सावकाश या."