कानसेनची तिसरी फुली

गाडीतला आवाज नेमका कुठून येतो हे सांगण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. म्हणून धंद्यातले लोक त्याला कानसेन म्हणायचे, आणि तोही ते नाव कॉलर ताठ करून मिरवायचा. त्याची पद्धत ठरलेली. गिऱ्हाइकाशेजारी बसून एक चक्कर मारायची, डोळे मिटून ऐकायचं आणि परत आल्यावर दोषी भागावर खडूने फुली मारायची. आधी फुली, मग पाना. तीस वर्षांत एकही फुली पुसावी लागली नव्हती, आणि आता एकाच गाडीवर दोन पुसून झाल्या होत्या.

गाडी मास्तरीणबाईंची, घरातली पाचही माणसं कोंबून नेणारी. हळू वेगात स्टिअरिंग वळवलं की पुढून 'टुंग' व्हायचं. कानसेनने आधी डाव्या शॉकअपवर फुली मारून तो बदलला. आवाज जागच्या जागी. मग डाव्या चाकाचा लिंक रॉड बदलला, तरी आवाज आपला ठाण मांडून बसलेला. आज बाई तिसऱ्यांदा आल्या.

"मेस्त्री, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण सासूबाई म्हणतात, आता दुसरीकडे दाखव."

बोलणं झोंबलं. त्यातून कानसेनचं एक गुपित होतं. वर्षभरापूर्वी त्याच्या उजव्या कानाने संप पुकारला होता, कायमचा. त्याच्याबरोबर गॅरेज चालवणाऱ्या लेकीलाही त्याने पत्ता लागू दिला नव्हता. कानसेनचाच कान गेला म्हटल्यावर गाडी घेऊन येणार कोण?

"बाबा, चक्करला मी बसू?" लेकीने विचारलं.

"का, मी काय मेलोय?" तो खेकसला आणि बाईंशेजारी जाऊन बसला.

चक्कर झाली. टुंग डावीकडूनच, देवाशपथ डावीकडूनच. खडू घेऊन तो डाव्या चाकापाशी वाकला आणि तिथेच थबकला. डावीकडे आता बदलायचं राहिलंय काय? तिसरी फुली चुकली तर संपलंच सगळं. त्याने खडू कानामागे खोचला, लेकीला स्टिअरिंगवर बसवलं, बाही सारली आणि टायरच्या वरून हात घालून डाव्या स्प्रिंगवर तळवा टेकवला.

"वळव. सावकाश."

कानात टुंग वाजलं. हाताखालची स्प्रिंग मात्र गुमान फिरली, अगदी शहाण्या पोरासारखी. कानसेन चक्रावला. कान म्हणतो इथेच, हात म्हणतो छे. मग तो ताडकन उठला, बोनेटला वळसा घालून उजवीकडे धावला आणि तिकडच्या स्प्रिंगला हात लावला.

"वळव परत."

स्प्रिंग आधी अडली, मग ताठरली, आणि टुंग होताना तिने तळव्याला असा काही झटका दिला की कानसेनच्या खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. पुन्हा वळव म्हणाला, पुन्हा झटका. अंगावर सर्रकन काटा आला. पन्नाशी उलटलेला बाप्या तिथल्या तिथे उड्या मारायला लागला.

"सापडला चोर! स्प्रिंगच्या डोक्यावरची बेअरिंग जाम झालीय!"

उजव्या बाजूला त्याने ही एवढी मोठी फुली ओढली. मग जी धांदल उडाली ती विचारू नका. जॅक लागला, चाक निघालं, स्प्रिंग आवळून बेअरिंग बाहेर आली. गंजून पार गोठलेली. तिला बोटांत फिरवताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ऐकणारा कान एकच, तोही डावा. मग आवाज कुठूनही येवो, डावीकडचाच वाटणार. वर्षभर तो त्या एका कानाच्या जिवावर फुल्या मारत होता, आणि या गाडीपर्यंत नशिबाने निभावलं होतं.

नवी बेअरिंग बसली. बाई चक्कर मारून आल्या त्या हसतच. "आवाज साफ गेला हो. मग आधी दोनदा कसं चुकलं?"

धंद्यात याला तयार उत्तर असतं, माल खराब निघाला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ते उत्तर त्याच्या जिभेवर आलंही. पण आनंदाच्या भरात खोटं बोलवेना.

"चूक माझी, बाई. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. वर्ष झालं. आज हाताने शोधलं."

बाई काही बोलण्याआधीच मागे पाना खाली पडला. लेक त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"वर्ष झालं? बाबा, माझं टेबल तुमच्या उजव्या हाताला आहे. गॅरेजच्या खडखडाटात मी हाका मारते, तुम्ही मान वळवत नाही. मला वाटायचं, मी गॅरेजमध्ये आलेलं तुम्हाला आवडलेलं नाही."

गिऱ्हाईक जाईल म्हणून लपवलं होतं, आणि ही पोर वर्षभर झुरत होती.

"अगं वेडे," तो म्हणाला, "मला तुझी एकही हाक ऐकूच आली नाही गं."