सुकतीचा खडक

बोलणं संपवायचं असलं की ती कोयती खडकावर दोनदा आपटायची आणि म्हणायची, "सुकतीला ये, मंग बोल." सुकती म्हणजे ओहोटी.

नेरूळच्या खाडीकाठी ती खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, काढायची; सगळे तिला मावशी म्हणायचे. मी तेव्हा बातमीदार होतो, नव्या वसाहतीत राहायला आलो होतो आणि रविवारी तिच्याकडून कालवं घ्यायचो. कालवं काढणारी बाई तुम्ही पाहिली असेल, तर उकिडवी, पाठमोरीच पाहिली असेल. मीही मावशीला बरेच दिवस पाठीवरूनच ओळखत होतो.

खडक काळा, सहा कोनांचे खांब एकमेकांना चिकटून उभे असावेत तसा. भरतीच्या पाण्यानं खालून पोखरून त्याची कमान झालेली. भूगोलाच्या एका मास्तरांना मी तो दाखवायला नेलं. ते म्हणाले, "हा लाव्हा. जमिनीखालची आग वर येऊन इथं थिजली."

"आग?" गुडघाभर पाण्यातून ती हसली. "मंग माजे पाय कशानं गारठतान, मास्तर?"

वरच्या ओळीतली कालवं मात्र ती कधी काढायची नाही. "ती बियाची हायेत, त्यांच्यावरच पुढली व्हतान," म्हणायची.

ऐंशीच्या सुमारास तिथं भराव घालायचं ठरलं. मोजणी भरतीच्या वेळी झाली होती, त्यामुळे नकाशावर खडक नव्हताच. नुसतं पाणी होतं, आणि पाणी बुजवायला कुणाची हरकत नसते. खडक बुजला असता तर तिचं आणि आणखी पाच बायकांचं काम संपलं असतं.

बायकांनी तक्रार केली, तेव्हा मोजणीचे साहेब दोनदा आले. दोन्ही वेळा कचेरीच्या वेळेत, दोन्ही वेळा भरती.

"इथं काही दिसत नाही, बाई."

"सुकतीला ये सायबा, मंग बोल."

तिसऱ्यांदा ते सकाळी साडेसहाला आले. तिनं त्यांना बूट काढायला लावले, हात धरून खडकावर चढवलं आणि एक कालव फोडून पुढं केलं. साहेब शाकाहारी निघाले.

"मंग हुंग तरी!"

त्यांनी हुंगलं. मग टेप काढून खडक मोजला.

भराव खडकापासून वीस पावलांवर थांबला. माझी चार ओळींची बातमी मी तिला वाचून दाखवली. "खडकाचा फोटू कुठं हाय?" एवढंच तिनं विचारलं.

पुढं तिचे गुडघे गेले, मग तीही गेली. बाकीच्या बायकांनी एकेक करून दुसरी कामं धरली.

ओहोटीची वेळ पाहून मी अजून कधीतरी तिथं जातो. खडक आहे. बियाची ओळ आता पार खालपर्यंत उतरली आहे.