उजवी पाकळी

आमच्या नर्सिंगच्या वर्गात आत्मा यायचा तो बुधवारी, जेवणानंतरच्या तासाला. मॅडम फळ्यावर मधोमध ‘रुग्ण’ असं लिहायच्या आणि भोवती शरीर, मन, आत्मा असे तीन गोल काढायच्या. रुग्णाची श्रद्धा औषधाइतकीच जपायची असते, हे वाक्य आम्हाला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्याला हमखास मार्क मिळायचे. आजही कुणी ते वाक्य माझ्यासमोर उच्चारलं की माझं डोकं फिरतं.

त्या वर्षी बायकांच्या वॉर्डात नदीपलीकडच्या चोपडे गावची एक बाई होती. दारोदार फिरून मासे विकणारी. डायबिटीसमुळे पायाची जखम चिघळून बोटं काळी पडली होती आणि पाय घोट्याच्या वर कापायचा ठरला होता. बाईने रडारड केली नाही. आधी गावच्या देवळात पाकळी लावून कौल घ्यायचा, एवढंच तिचं म्हणणं. मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी आधी पडली तर देवाचं होय, डावी पडली तर नाही.

“देवाक इचारल्याबगर मी पाय देवचंय नाय, बाय,” ऑपरेशन ठरलेल्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली. तिचा नवरा त्यासाठी फेरीबोटीने नदी ओलांडून गावी गेला होता. सकाळची पूजा आटोपली की कौल घेऊन परतणार होता.

मी मॅडमकडे गेले. डॉक्टर एक दिवस थांबायला तयार होते, ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. पण आमच्या तुकडीने पाय कापताना अजून पाहिला नव्हता आणि आम्हाला थिएटरात उभं राहायची परवानगी नेमकी त्याच दिवसाची होती. असल्या अंधश्रद्धांचे किती लाड करायचे, असं मॅडमनी मलाच सुनावलं. बरं, मॅडम काही परक्या मुलखातल्या नव्हत्या, डिचोलीकडच्याच होत्या. डावी पाकळी पडली म्हणून त्यांनी लेकीचं चांगलं स्थळ मोडलं होतं आणि ते आम्हाला वर्गात कौतुकाने सांगितलंही होतं. घरी केली की श्रद्धा, वॉर्डात केली की अंधश्रद्धा.

सोबतीला बाईचा दीर होता. मॅडमनी त्याला बाजूला घेतलं, उशीर झाला तर बाई हातची जाईल म्हणून घाबरवलं आणि ऑपरेशनच्या कागदावर त्याची सही घेतली. भुलीची सुई टोचली तेव्हाही बाई दाराकडे बघत होती. तो आला का, एवढंच विचारत होती.

नवरा दुपारी आला. शर्टाच्या खिशातून त्याने पानात गुंडाळलेली जास्वंदीची पाकळी काढली आणि उजवी पडली, उजवी पडली, असं हसत सगळ्यांना सांगत सुटला. मग त्याचं लक्ष खाटेकडे गेलं. चादर एका बाजूला सपाट होती. म्हणजे देवाचीही इच्छा तीच होती बघा, असं मॅडम त्याला म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

मला त्या क्षणी त्यांची किळस आली. थोडा धीर धरला असता तर बाईने आपणहून पाय दिला असता. आता तो तिच्याकडून काढून घेतला होता.

पुढच्या बुधवारचा तास मॅडमनी तिच्याच खाटेपाशी घेतला. आध्यात्मिक गरजा कशा विचारायच्या, याचा सराव. पुढे मलाच केलं. पुस्तकातला प्रश्न होता, तो मी विचारला: आजारपणात देवावरच्या श्रद्धेचा तुम्हाला कसा आधार वाटतो? विचारताना वाटलं, जीभ झडली तर बरं.

बाईने उशीखालून सुकलेली पाकळी काढून माझ्यापुढे धरली.

“देवान हो म्हटल्यान हुता, बाय. तुमका कसली घाय हुती?”

मॅडमना तिची बोली चांगली कळत होती. त्या शांतपणे वर्गाकडे वळल्या.

“लिहून घ्या,” त्या म्हणाल्या. “रुग्णाची देवावर श्रद्धा आहे.”

सगळ्यांनी लिहून घेतलं.